रीडिंग सात पॉइंट एक

अकरावीची नवी मुलं लॅबमध्ये आली की पहिल्या आठवड्यातच त्यांच्यातलं कुणीतरी भोयेबाईंना ‘मावशी’ म्हणायचं आणि फैलावर घेतलं जायचं.

“मी तुझ्या आईची बहीण आहे का? नाव आहे मला. भोयेबाई म्हण, नाहीतर काहीच म्हणू नको.”

भागीबाई सोमा भोये. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, नोकरी आमच्या नाशिकच्या ज्युनिअर कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, वीस वर्षं. बुटक्या, काटक बाई. सिल्व्हर नायट्रेटने काळी पडलेली नखं आणि पोटावर परमँगनेटचे तपकिरी डाग पडलेला निळा ॲप्रन. राग नाकाच्या शेंड्यावर. कुणी वजनकाट्यावर पावडर सांडून तशीच सोडली की रागवायच्या, कुणी पिपेट उलटी ठेवली की रागवायच्या. सगळ्यात जास्त रागवायच्या ते टायट्रेशन, म्हणजे नळीतून थेंबाथेंबाने द्रावण सोडून रंग टिकेपर्यंत किती लागतं ते मोजायचा प्रयोग, सुरू करण्याआधीच पेन्सिलने रीडिंग लिहून ठेवणाऱ्या मुलांवर. जर्नल हिसकावून घ्यायच्या, रबराने आकडे पुसायच्या आणि वही परत आदळायच्या.

मी तृप्ती. त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवते. म्हणजे तास झाला तर मानधन, सुट्टी लागली तर काही नाही, आणि दर जूनला नव्याने अर्ज. हे आधीच सांगते, कारण पुढे माझ्याबद्दल जे सांगायचंय त्याला लोक हेच कारण देतात. मीही बरेच दिवस हेच देत होते.

बाईंच्या रागामागे काय होतं ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. त्या सुरगाण्याच्या बाजूच्या. आईवडील द्राक्षांच्या छाटणीला निफाडकडे जायचे आणि त्या आश्रमशाळेत राहायच्या. हुशार होत्या, सायन्स घेतलं. पण शाळेत लॅब म्हणून जी खोली होती तिला कुलूप असायचं. प्रॅक्टिकलच्या तासाला सर फळ्यावर रीडिंग लिहायचे आणि मुलं ती जर्नलमध्ये उतरवून घ्यायची. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला पाहुणे परीक्षक आले, जेवले, आणि निघून गेले.

“मला टायट्रेशनला पैकीच्या पैकी मार्क होते मॅडम,” त्या म्हणाल्या होत्या. “ब्युरेट मी तोवर चित्रातच पाहिली होती.”

त्या मार्कांवर त्यांना नाशिकला बीएस्सीला प्रवेश मिळाला. पहिल्याच प्रॅक्टिकलला हातात काचेची नळी दिली गेली आणि हिला धरायचं कसं हेही कळेना. शेजारची मुलगी हसली. मोल म्हणजे काय, रेणुवस्तुमान कसं काढायचं, सगळं पाठ होतं, समजलेलं काहीच नव्हतं. वर्षाअखेर नापास झाल्या आणि कॉलेज सोडलं. चार वर्षांनी आमच्या कॉलेजात परिचराची जागा निघाली तेव्हा भरती झाल्या, आणि मग बाटल्या धुता धुता, लेबलं वाचता वाचता, बारावीचं पुस्तक पहिल्यापासून स्वतः शिकल्या.

“खोटे मार्क दिले नसते तर मी तेव्हाच विचारलं असतं, सर मला येत नाय, शिकवा. पैकीच्या पैकी मिळाल्यावर कोण विचारतं?”

आणि शिकवायच्याही छान. मी मोलवर एक अख्खा तास घेतला तरी शेवटच्या बाकांवर काही पोचायचं नाही. बाई फडक्याने टेबल पुसत पुसत सांगायच्या, “शंभर करवंदं आणि शंभर आंबे. नग शंभरच ना? वजन सारखं येईल का? नाही. तसंच आहे. मोल म्हणजे नग. नग ठरलेला आहे, लय मोठा आकडा आहे, तो तुझ्या मॅडमनी फळ्यावर लिहिलाय. कार्बनचे तेवढे नग घेतले तर बारा ग्रॅम भरतात, पाण्याचे घेतले तर अठरा. आपल्याला नग मोजता येत नाहीत, म्हणून वजन करायचं. आणि वजन करायचं तर एका नगाचं वजन आधी बिनचूक काढायचं. तिथं चुकलास की पुढचं सगळं चुकलं.”

त्यांच्याकडे एक लांबट वही होती. लॅबमधल्या प्रत्येक बाटलीतल्या पदार्थाचं रेणुवस्तुमान त्यात त्यांनी स्वतः बेरीज करून लिहिलं होतं. आधीचे विभागप्रमुख निवृत्त होईपर्यंत परीक्षेची सगळी द्रावणं त्या वहीवरून व्हायची आणि बाई परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी स्वतः एक टायट्रेशन करून रीडिंग तपासायच्या. कधी काही चुकलं नाही.

गेल्याच्या आधीच्या जूनमध्ये आहेर सर विभागप्रमुख झाले. माणूस वाईट म्हणता येणार नाही. टापटिपीचा, सगळं टाइप करून फाइलला लावणारा. परिचराच्या वहीवरून बोर्डाच्या परीक्षेची तयारी होते हे त्यांना पटलं नाही. फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षा लागली तेव्हा त्यांनी मोबाइलवरून रेणुवस्तुमानं घेऊन नवा तक्ता केला, छापला आणि वजनकाट्याजवळच्या भिंतीवर चिकटवला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी लॅबमध्ये गेले तर बाई त्या तक्त्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“हे पाहा. ऑक्झॅलिक ॲसिड, एका लिटरला साडेचार ग्रॅम.”

पॉइंट झिरो फाइव्ह मोलरचं द्रावण करायचं होतं. मी मनात हिशेब केला. नव्वद गुणिले पॉइंट झिरो फाइव्ह, साडेचार. “बरोबर आहे की,” मी म्हणाले.

बाईंनी कपाटातली बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. “लेबल वाचा.”

लेबलवर एच-टू सी-टू ओ-फोर होतं, आणि त्याच्यापुढे टिंब देऊन टू एच-टू-ओ.

मला लाज वाटली. हायड्रोजनचे दोन, कार्बनचे चोवीस, ऑक्सिजनचे चौसष्ट, झाले नव्वद. पण आमच्या बाटलीतल्या स्फटिकांमध्ये प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात. त्यांचे छत्तीस. म्हणजे एकशे सव्वीस. त्याच्या पॉइंट झिरो फाइव्ह पटीने सहा पॉइंट तीन ग्रॅम. साडेचार ग्रॅम घेतलं तर त्यातलं सव्वा ग्रॅमच्या वर पाणीच.

“आमच्याकडं भात ओला असला की व्यापारी घट धरतो,” बाई म्हणाल्या. “गाडीवर उभा राहून मूठ दाबून बघतो. हे शिकलेले आणि यांना टिंबापुढचं पाणी दिसत नाही.”

“सरांना सांगितलंत?”

“सकाळी सांगितलं. म्हणाले, भागीबाई, तुम्ही वजन करा, हिशेब आम्ही करतो. मी म्हटलं, हे वजन मी करणार नाही. मग हिरामणला बोलावून त्याच्याकडून करून घेतलं.”

हिरामण ऑफिसचा शिपाई. त्या बिचाऱ्याने तक्त्यात लिहिलं तेवढं मोजून पाण्यात ढवळलं. परमँगनेटचं द्रावण मात्र बाईंनी दोन दिवसांपूर्वीच केलेलं होतं, लिटरला तीन पॉइंट सोळा ग्रॅम, अगदी बरोबर. संध्याकाळी ट्रायल घ्यायला त्या पुढे आल्या तर सरांनी लॅब बंद करायला लावली. सील करायचंय, म्हणाले.

“तुम्ही सांगा मॅडम. माझं नाही ऐकणार, तुमचं ऐकतील.”

“उद्या सकाळी सांगते,” मी म्हणाले.

सकाळी साडेसातला मी पोचले तेव्हा सर बाहेरच्या परीक्षकांना घेऊन येत होते. चांदवडकडच्या एका कॉलेजातले वयस्कर गृहस्थ, हातात मफलर, प्रवासाने कंटाळलेले. सरांच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू होतं. मी दोन पावलं पुढे गेले, “सर, एक मिनिट” म्हणाले. ते म्हणाले, “नंतर, मॅडम.” आणि मी थांबले. एवढंच झालं. मला कुणी ओरडलं नाही, धमकावलं नाही. मी आपणहून थांबले.

पहिल्या बॅचला चोवीस मुलं होती. नियम असा की परीक्षकाने आधी स्वतः टायट्रेशन करायचं आणि त्याच्या रीडिंगशी मुलांची रीडिंग ताडून मार्क द्यायचे. शून्य पॉइंट दोनपर्यंत फरक असेल तर आठपैकी आठ, पुढे कमी कमी. आहेर सरांनी परीक्षकांना तक्त्यावरून काढलेलं रीडिंग कागदावर लिहून दिलं, दहा पॉइंट शून्य. परीक्षकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहा घेतला. ब्युरेटला दोघांपैकी कुणीच हात लावला नाही.

तासाभराने मुलं बिचकायला लागली. ज्योत्स्ना गावित माझ्या टेबलाजवळ होती, पेठकडची मुलगी, वसतिगृहात राहणारी. शांतपणे काम करणारी. तिने फ्लास्क तापवला होता, वाफ येत होती, थेंबाथेंबाने परमँगनेट सोडत होती. फिकट गुलाबी रंग टिकला. रीडिंग सात पॉइंट एक. तिने पुन्हा केलं. सात पॉइंट एक. तिसऱ्यांदा सात पॉइंट दोन. ती माझ्याकडे पाहायला लागली.

सर आले, तिच्या कागदावर नजर टाकली. “चुकतंय. परत कर.”

तिने परत केलं. सात पॉइंट एक.

पलीकडच्या टेबलावर रुद्र नावाचा मुलगा होता. दहा पॉइंट शून्य, दहा पॉइंट शून्य, दहा पॉइंट एक, असं त्याने सुबक लिहून ठेवलं होतं. क्लासमध्ये त्याला सांगितलेलं असणार की या प्रयोगाला दहाच्या आसपास येतं. भोयेबाई बाटल्या भरत त्याच्या टेबलाशी आल्या आणि थबकल्या. त्यांनी त्याच्या फ्लास्कला तळहात लावला.

“हा तर गार आहे,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

सगळी लॅब वळली.

“तुझा बर्नर पेटलेला नाही, ब्युरेट वरपर्यंत भरलेली आहे, आणि तुझं रीडिंग दहा आलं. कसं आलं?”

रुद्रने कागद उलटा केला. आहेर सर झटकन आले. “भागीबाई, परीक्षा चालू आहे. तुम्ही बाहेर थांबा.”

“मी थांबते बाहेर. पण त्या पोरीचं सात पॉइंट एक बरोबर आहे. चार वेळा आलं तिला. याचं खोटं आहे. तुम्ही एकदा करून बघा, सर.”

“बाहेर.”

त्या गेल्या. दार आपटलं नाही त्यांनी, पण व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या त्या तिथून हलल्याही नाहीत. मी आतून काचेतून त्यांना पाहत होते. बॅच संपली. सात पॉइंट एक, सात पॉइंट दोन लिहिणाऱ्या तेरा मुलांना आठपैकी दोन मार्क पडले. दहा लिहिणाऱ्या अकरा जणांना आठ.

दुपारी दुसऱ्या बॅचच्या आधी पाऊण तास होता. सर आणि पाहुणे डबा खायला स्टाफरूममध्ये गेले. बाई लॅबमध्ये शिरल्या. मी म्हटलं, “काय करताय?” त्यांनी काट्यावर काचेची वाटी ठेवली, सहा पॉइंट तीन ग्रॅम मोजलं, चिमटीतला शेवटचा खडा दोनदा काढून दोनदा घातला. लिटरच्या फ्लास्कमध्ये विरघळवलं, खुणेपर्यंत पाणी भरलं. मग दोन फ्लास्क शेजारी शेजारी मांडले, एकात सकाळचं द्रावण, एकात आताचं. ॲसिड घातलं, तापवलं आणि मला म्हणाल्या, “मॅडम, सरांना आणि पाहुण्यांना बोलवा. निदान एवढं तरी करा.”

मी गेले. कसं बोलावलं ते आठवत नाही, पण ते दोघं आले, हातही न पुसता.

बाईंनी त्यांच्यासमोर पहिला फ्लास्क घेतला. गुलाबी रंग टिकला तेव्हा सात पॉइंट एक. दुसरा घेतला. दहा पॉइंट शून्य. मग ऑक्झॅलिकची बाटली उचलून सरांच्या समोर धरली, लेबल त्यांच्याकडे करून.

पाहुणे परीक्षकांनी लेबल वाचलं. “अरे अरे,” म्हणाले. “टू एच-टू-ओ राहिलं.” मग आहेर सरांकडे वळून हळूच, “दुपारपासून हे नवीन वापरू. रेकॉर्डवर काही नको. माझीही सही आहे त्या शीटवर.”

“आणि सकाळची पोरं?” बाईंनी विचारलं.

“त्यांच्या मार्कांचं पाकीट सील झालं ना बाई,” पाहुणे म्हणाले.

“पाकीट फोडा.”

“भागीबाई,” आहेर सर म्हणाले, “सहा मार्कांनी कुणाचं आयुष्य बुडत नाही.”

बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांचे ओठ पांढरे झाले होते. आवाज मात्र खाली आला.

“सर, तेरा पोरांनी जे दिसलं ते लिहिलं. तुम्ही त्यांना सांगितलं, हे चूक हाय. आता आयुष्यभर ती पोरं डोळ्यांनी सात दिसलं तरी दहा लिहितील. हे तुम्ही शिकवलं त्यांना आज. सहा मार्कांचं मला सांगू नका.”

दुसऱ्या बॅचला नवं द्रावण गेलं. बाईंनी संध्याकाळी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, एक पानी, त्यात नव्वद, छत्तीस आणि एकशे सव्वीसची बेरीज, दोन्ही रीडिंग, आणि शेवटी मागणी की पहिल्या बॅचचं टायट्रेशन परत घ्यावं. तो घेऊन माझ्याकडे आल्या.

“तुमच्या डोळ्यांसमोर झालंय. खाली सही करा.”

मी अर्ज दोनदा वाचला. एक शब्द चुकीचा नव्हता. मी म्हणाले, “बाई, माझं जूनचं रिन्यूअल आहे. तुम्ही परमनंट आहात.”

त्यांनी अर्ज माझ्या हातातून काढून घेतला. ओढला नाही, नुसता काढून घेतला. “बरं,” म्हणाल्या.

प्राचार्यांनी दोन दिवसांनी निकाल लावला. परत परीक्षा घ्यायची तर वर कळवावं लागेल, वर कळवलं तर चौकशी लागेल. म्हणून पहिल्या बॅचच्या चोवीसही मुलांना सरसकट आठपैकी आठ. पाहुणे चांदवडहून परत येऊन नव्या शीटवर सही करून गेले. सगळ्यांना वाटलं, मिटलं. ज्योत्स्ना धावत लॅबमध्ये आली.

“बाई, मला आठ मिळाले.”

“तुला मिळाले ते तुझेच होते,” भोयेबाई म्हणाल्या. “त्या रुद्राला मिळाले ते कुणाचे?”

मुलीचा चेहरा उतरला. मला तेव्हा बाईंचा राग आला, पोरीला आनंद तरी घेऊ द्यायचा. आता वाटतं, त्यांना दुसरं काही म्हणता आलंच नसतं. परत एकदा कुणालातरी काही न करता पैकीच्या पैकी मिळाले होते आणि या वेळी ते त्यांच्याच अर्जावरून मिळाले होते.

पुढच्या आठवड्यात बाईंना मेमो आला. वरिष्ठांनी सांगितलेलं काम करण्यास नकार, परीक्षा चालू असताना गैरवर्तन. सात दिवसांत खुलासा. ऑफिसच्या क्लार्कने सुचवलं, ‘दिलगीर आहे’ एवढं लिहा, फाइल बंद होईल. बाईंनी खुलाशात लिहिलं: ‘मी साडेचार ग्रॅम वजन करण्यास नकार दिला, कारण ते सहा पॉइंट तीन असायला हवे होते. पुन्हा सांगितले तर पुन्हा नकार देईन.’ खाली सही.

त्यांची बदली लायब्ररीत झाली. त्याच इमारतीत, दोन मजले वर. लॅबला हिरामण आला. लांबट वही बाई बरोबर घेऊन गेल्या. आहेर सरांनी मागितली तर म्हणाल्या, “तुमचा छापील तक्ता आहे ना?”

माझं जूनमध्ये रिन्यूअल झालं.

या जानेवारीत आहेर सर मला म्हणाले, “मॅडम, यंदा सोल्यूशनचा तक्ता तुम्हीच करा. मागच्या वर्षी उगीच गोंधळ झाला.” गोंधळ, असं म्हणाले. मी घरी बसून प्रत्येक पदार्थाचं रेणुवस्तुमान हाताने काढलं, टिंबापुढचं पाणी धरून. मोहर सॉल्टला सहा पाणी, मोरचूदला पाच. मग कागद घेऊन लायब्ररीत गेले.

बाई खाली बसून पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं, दोनदा मागे जाऊन बेरीज केली.

“बरोबर आहे,” म्हणाल्या आणि परत दिला.

“बाई, तुम्ही खाली या ना ट्रायलला. मी सरांना विचारते.”

“तुम्हाला येतंय. मला कशाला बोलवता?”

मी कागदाची घडी केली. मग म्हणाले, “मी तेव्हा सही करायला हवी होती.”

“हो,” भोयेबाई म्हणाल्या. “करायला हवी होती.”

त्यांनी कात्री उचलली आणि पुढच्या पुस्तकाचा कागद कापायला घेतला. माफ केलं नाही, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं. त्यांनी ‘जाऊ द्या हो मॅडम’ म्हटलं असतं तर मी हलक्या मनाने जिना उतरून आले असते.

खाली येऊन मी एक अर्ज लिहिला, गेल्या फेब्रुवारीत काय झालं ते पहिल्यापासून, सकाळी मी दोन पावलं पुढे जाऊन थांबले होते त्याच्यासकट. भागीबाई भोये यांचा मेमो रद्द करावा आणि त्यांना लॅबमध्ये परत आणावं अशी मागणी केली. सही केली, ऑफिसात देऊन पोच घेतली.

त्याला सहा आठवडे झाले. मी दर सोमवारी जाऊन विचारते. क्लार्क म्हणतो, प्राचार्यांच्या टेबलावर आहे. प्राचार्य म्हणतात, संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवलाय. आहेर सर माझ्याशी कामापुरतं बोलतात. संस्थेच्या कार्यालयात मी अजून गेलेली नाही. या सोमवारी जाणार आहे.